राजमुद्रा आणि मातृमुख

मेक्सिको हा स्पॅनिश भाषकांचा जगातील सर्वांत मोठा देश. तेथील विधिमंडळ, न्यायालये, शाळा, वर्तमानपत्रे आणि बाजारपेठा यांचा जवळजवळ सारा व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो. तरीही स्पॅनिश ही आपली अधिकृत भाषा आहे, असे त्या देशाच्या राज्यघटनेत कोठेही लिहिलेले नाही. याउलट फिलिपाईन्स बेटांवर स्पेनने ३३३ वर्षे राज्य केले. ते राज्य १८९८ मध्ये संपल्यानंतरही स्पॅनिश तेथे कित्येक दशके कायद्याने अधिकृत राहिली. आज मात्र मनिलाच्या रस्त्यावर कोणी स्पॅनिशमध्ये वाट विचारली, तर त्याच भाषेत उत्तर देणारा मनुष्य विरळाच. एकीकडे कायदा नाही, पण भाषा आहे. दुसरीकडे कायदा होता, पण भाषा रुजली नाही.

हे कोडे केवळ भाषाशास्त्रज्ञांनी सोडवावे असे आम्हांस वाटत नाही. राजमुद्रा उमटल्याने भाषा जगते काय आणि राजाज्ञेने ती मरते काय, हा प्रश्न त्यामागे आहे. त्याचे उत्तर शोधताना ख्रिस्तसभेच्या मिशनरी इतिहासाची काही उजळ आणि काही काळवंडलेली पानेही उलटावी लागतात.

प्रथम आजची स्थिती पाहू. स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ५० कोटी आहे. स्पेन, अमेरिका खंडातील अठरा देश आणि आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी अशा एकूण वीस सार्वभौम राष्ट्रांत ती राज्यकारभाराची भाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाची १९४५ ची सनद ज्या पाच भाषांत सिद्ध झाली, त्यांपैकी ती एक होय. परंतु 'अधिकृत' या एका शब्दात अनेक अर्थ दडले आहेत. कोलंबिया, पेरू, एक्वादोर, बोलिव्हिया यांच्या राज्यघटनांत स्पॅनिशचा तसा स्पष्ट उल्लेख आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेने तर तिच्या जोडीला ३६ देशी भाषांना अधिकृत स्थान दिले. मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, उरुग्वे यांच्या घटना मात्र याविषयी मौन पाळतात. तेथे स्पॅनिशचे राज्य चालते ते केवळ वहिवाटीने. नावाविषयीही एकमत नाही. स्पेनची आणि कित्येक अमेरिकी देशांची घटना तिला 'स्पॅनिश' न म्हणता 'कॅस्टिलियन' म्हणते. कारण मुळात ती कॅस्टिल या एका प्रांताची बोली होती.

राणीचा प्रश्न

१४९२ हे वर्ष शाळकरी मुलांनाही ठाऊक असते ते कोलंबसामुळे. त्याची गलबते ३ ऑगस्ट रोजी पालोस बंदरातून निघाली. त्याच महिन्यात, १८ ऑगस्ट रोजी, सालामांका येथे अंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताचे कॅस्टिलियन व्याकरण छापून पूर्ण झाले. लॅटिनसारख्या अभिजात भाषेचे नव्हे, तर लोकांच्या मुखातील भाषेचे व्याकरण छापावे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. नेब्रिहाने आपल्या प्रस्तावनेत एक प्रसंग नमूद केला आहे. ग्रंथाचा नमुना पाहून राणी इसाबेलाने विचारले, याचा उपयोग काय? तेव्हा आव्हिलाच्या बिशपांनी नेब्रिहाच्या वतीने उत्तर दिले. त्याचा आशय असा, की राणीच्या सत्तेखाली परभाषी लोक येतील, तेव्हा जेत्यांचे कायदे आणि जेत्यांची भाषा त्यांना शिकावी लागेल. तेथे हे पुस्तक उपयोगी पडेल. नव्या जगाचा किनारा दिसण्यापूर्वीच त्या जगासाठी भाषेचे धोरण सांगून झाले होते. आणि ते एका धर्माधिकाऱ्याने सांगितले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

व्याकरणे लिहिणारे व्रतस्थ

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. देशी लोकांना कॅस्टिलियन शिकवावी, अशी राजाज्ञा १५५० मध्ये निघाली. परंतु अमेरिकेत पोहोचलेल्या फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आदी व्रतस्थांपुढे अडचण साधी होती. एकेका धर्मगुरूच्या वाट्याला हजारो माणसे. त्या हजारोंनी स्पॅनिश शिकण्यापेक्षा त्या एकाने त्यांची भाषा शिकणे सोपे. शिवाय पापनिवेदन दुभाष्याच्या तोंडून कसे ऐकायचे, आणि मरणशय्येवरील माणसाचे सांत्वन परक्या भाषेत कसे करायचे?

म्हणून ते शिकले, आणि शिकता शिकता त्यांनी ग्रंथ रचले. आन्द्रेस दे ओल्मोस यांनी मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेचे व्याकरण १५४७ मध्ये सिद्ध केले. आलोन्सो दे मोलिना यांचा नाहुआत्ल शब्दकोश १५५५ मध्ये आणि त्याची विस्तृत आवृत्ती १५७१ मध्ये छापली गेली. दोमिंगो दे सान्तो तोमास यांनी १५६० मध्ये पेरूच्या केचुआ भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. इंग्रजी भाषेचे पहिले छापील व्याकरण १५८६ चे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते. लिमा येथे १५८२-८३ मध्ये आर्चबिशप संत तोरिबियो यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या धर्मपरिषदेने स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतील धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार करविले. १५८४ मध्ये छापलेला तो ग्रंथ दक्षिण अमेरिकेत मुद्रित झालेला पहिला ग्रंथ होय.

१५९६ मध्ये देशी लोकांवर कॅस्टिलियनची सक्ती करावी, असा प्रस्ताव दुसऱ्या फिलिप राजापुढे आला. लोकांना आपली स्वाभाविक भाषा सोडावयास लावणे योग्य नव्हे. ज्यांना स्वेच्छेने शिकायचे आहे त्यांच्यासाठी शिक्षक नेमावेत, असा निर्णय राजाने दिला. ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नसे, त्या राजाने सक्ती नाकारली, ही नोंद इतिहासात कोरून ठेवण्याजोगी आहे.

तथापि चित्राची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. १५६२ मध्ये युकातानमधील मानी येथे फ्रान्सिस्कन दिएगो दे लान्दा यांनी माया लोकांच्या हस्तलिखित पोथ्या मूर्तिपूजेच्या संशयावरून जाळल्या. त्याच लान्दांनी पुढे माया लिपीविषयी लिहून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे विसाव्या शतकात ती लिपी वाचता आली. पोथ्या जाळणारा हात आणि लिपी नोंदवणारा हात एकाच माणसाचा होता. या इतिहासाकडे पाहताना अभिमान आणि पश्चात्ताप यांपैकी एकालाच जवळ करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आपल्या किनाऱ्यावरील फिलिप

आपल्या वाचकांपैकी अनेकांना कदाचित नवल वाटेल, की याच दुसऱ्या फिलिपचे राज्य आपल्या कोकण किनाऱ्यावरही होते. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी त्याच्याकडे आली आणि १६४० पर्यंत गोवा, चौल, वसई येथे स्पेनच्याच राजांची द्वाही फिरत होती. मग येथे स्पॅनिश का आली नाही? १५८१ मध्ये तोमार येथील सभेत फिलिपने पोर्तुगीजांना वचन दिले होते, की पोर्तुगालचा आणि त्याच्या वसाहतींचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील. राजा एक, पण भाषा दोन, अशी ती व्यवस्था होती. याच काळात, १६१६ मध्ये, साष्टीतील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले. लिमा आणि राशोल यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी होती, पण भक्ताच्या मुखातील भाषेतच श्रद्धा रुजते, ही जाणीव दोन्हीकडे एकच होती.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवनही या भाषेतिहासाशी जोडलेले आहे. ते जपानमध्ये वावरले, जपानी बोलू लागले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानला शिष्टमंडळ धाडले, तेव्हा हिदेयोशीच्या दरबारी दुभाष्याचे काम या वसईकराने केले. स्पेनच्या राजमुद्रेचा खलिता घेऊन आलेल्या मंडळींचा आवाज जपानच्या सत्ताधीशापर्यंत पोहोचला तो राजमुद्रेच्या बळावर नव्हे. कोणीतरी तेथील भाषा आपुलकीने शिकला होता म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना रक्तसाक्ष्याचे मरण आले.

आज्ञा कागदावर, बदल घरात

अठराव्या शतकात राज्यकर्त्यांची दृष्टी पालटली. १७७० मध्ये तिसऱ्या चार्ल्स राजाने फर्मान काढले, की अमेरिका व फिलिपाईन्समधील देशी भाषा नाहीशा व्हाव्यात आणि सर्वत्र केवळ कॅस्टिलियन बोलली जावी. या फर्मानामागे मेक्सिकोचे आर्चबिशप लोरेन्साना यांचा आग्रह होता. गोव्यातही १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला होता. दोन्ही आज्ञांचे फलित सारखेच झाले. गोव्यात कोकणी जिवंत राहिली. मेक्सिकोतही, स्पेनचे राज्य १८२१ मध्ये संपले, तेव्हा देशी भाषा बोलणारेच बहुसंख्य होते. जी नाहुआत्ल नाहीशी करावयाची होती, तिचे शब्द तर सातासमुद्रापार आपल्या घरात आले. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द मुळात तिचेच. आणि डहाणूपासून वसईपर्यंतच्या वाड्यांत पिकणारा चिकूही आपले नाव तिच्याकडूनच घेऊन आला आहे.

मग मेक्सिको स्पॅनिशभाषी झाला केव्हा? स्वातंत्र्यानंतर. ज्यांनी स्पेनला हाकलले, त्याच प्रजासत्ताकांनी स्पॅनिश घरोघर पोहोचविली. त्यासाठी त्यांना भाषा-फर्मानाची गरज पडली नाही. शाळा स्पॅनिशमध्ये, न्यायालय स्पॅनिशमध्ये, सैन्यातील हुकूम स्पॅनिशमध्ये, शहरातील नोकरी स्पॅनिशमध्ये. देशी भाषा बोलणाऱ्याला हिणवले जाऊ लागले. मग एका पिढीतील आईने ठरविले, की आपण भोगलेली हेटाळणी लेकरांच्या वाट्याला नको. ती मुलांशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलू लागली. मुलांना आजीचे बोलणे समजे, पण बोलता येईना; नातवंडांना समजेनासेही झाले. २०२० च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत देशी भाषा बोलणारे केवळ सहा टक्क्यांच्या आसपास उरले आहेत. २००३ मध्ये तेथे कायदा होऊन देशी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा म्हणून मान मिळाला. मान मिळाला, पण बोलणारी मुखे तोवर कमी झाली होती.

राजाच्या फर्मानाला अडीचशे-तीनशे वर्षांत जे जमले नाही, ते आईवडिलांच्या भयाने तीन-चार पिढ्यांत केले. आमच्या मते या सबंध इतिहासाचे मर्म येथेच आहे.

मातांनी राखलेली गुआरानी

पॅराग्वेची कथा याच्या उलट आहे. १५३७ मध्ये आसुन्सिओन वसले, तेव्हा तेथे आलेले स्पॅनिश पुरुष मोजके होते. त्यांनी गुआरानी स्त्रियांशी संसार मांडले आणि मुले आईची भाषा बोलू लागली. देश समुद्रापासून दूर. नवे स्पॅनिश लोक फारसे येत नसत. १६०९ पासून येशूसंघीय धर्मगुरूंनी गुआरानी लोकांच्या वसाहती उभारल्या. तेथील शिक्षण, गायन, उपासना सारे गुआरानीत चाले. फादर आन्तोनियो रुइस दे मोन्तोया यांचा गुआरानी शब्दभांडार ग्रंथ १६३९ मध्ये माद्रिद येथे छापला गेला. १७६७ मध्ये येशूसंघीयांची हकालपट्टी झाली, वसाहती ओस पडल्या, पण भाषा टिकली.

तिलाही अवहेलना चुकली नाही. शाळेत गुआरानी बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होत असे. मात्र १९३२-३५ च्या चाको युद्धात शत्रूला कळू नये म्हणून सैन्याचे निरोप गुआरानीत जाऊ लागले, तेव्हा तिची किंमत सर्वांना कळली. अखेर १९९२ च्या घटनेने स्पॅनिश व गुआरानी या दोन्ही भाषांना अधिकृत म्हणून समान स्थान दिले. पेरूमध्ये हाच मान १९७५ मध्ये केचुआला सरकारी हुकमाने मिळाला होता. परंतु कचेऱ्यांचा कारभार स्पॅनिशमध्येच चालत राहिला आणि तो हुकूम बव्हंशी कागदावरच राहिला. पॅराग्वेत कायदा लोकांच्या मागून आला, म्हणून तो टिकला.

फिलिपाईन्सचा उलटा न्याय

आता फिलिपाईन्सकडे वळू. १५६५ मध्ये लेगास्पी तेथे पोहोचला. स्पेनहून मनिला इतके दूर, की कारभार मेक्सिकोमार्फत चाले. स्पॅनिश रहिवासी थोडे आणि गावोगावी स्पेनचा प्रतिनिधी म्हणजे बहुधा तेथील धर्मगुरूच. १५९३ मध्ये मनिला येथे डोमिनिकनांनी छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पॅनिशबरोबर तागालोग मजकूर रोमन आणि देशी अशा दोन्ही लिप्यांत होता. धर्मगुरूंनी देशी भाषांतून उपदेश केला. लोक श्रद्धावंत झाले, पण स्पॅनिशभाषी झाले नाहीत.

येथेच एक कटू प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या फिलिपिनो तरुणांनी आरोप केला, की लोकांच्या भाषेविषयीचे हे प्रेम नव्हे; लोकांना स्पॅनिश येऊ नये, त्यांना कायदा वाचता येऊ नये, गाऱ्हाणे वरपर्यंत नेता येऊ नये, यासाठीची ही भिंत आहे. १८६३ मध्ये गावोगावी स्पॅनिश माध्यमाच्या प्राथमिक शाळा काढण्याची राजाज्ञा झाली, पण ती पुरती अमलात आली नाही. होसे रिसाल यांच्या १८९१ च्या कादंबरीत स्पॅनिश शिकवणारी संस्था मागणारे विद्यार्थी आणि त्यांच्या आड येणारे व्रतस्थ, हेच चित्र आहे. रिसाल यांनी स्वतः स्पॅनिशमध्येच लिहिले आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश बंदुकांनीच त्यांचा प्राण घेतला. ज्या भाषेने गुलाम केले, तिच्यातूनच स्वातंत्र्याची मागणी झाली. मातृभाषेत उपदेश करणारा मेंढपाळ आपल्या कळपाला राजदरबाराच्या दारापर्यंत नेत नसेल, तर त्याचे भाषाप्रेमही संशयास्पद ठरते, हा धडा आम्हां धर्मगुरूंनी विसरता कामा नये.

१८९८ मध्ये अमेरिका आली. १९०१ पासून तिने इंग्रजी माध्यमाच्या मोफत शाळा उघडल्या. जे स्पेनने तीन शतकांत केले नाही, ते अमेरिकेने चार दशकांत केले. १९३५ च्या घटनेने इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषा अधिकृत ठेवल्या. १९५२ आणि १९५७ च्या कायद्यांनी महाविद्यालयांत स्पॅनिश सक्तीची केली. पण तोवर ती घरातून आणि बाजारातून गेली होती, आणि सक्तीचा विषय मुले परीक्षेपुरताच शिकतात. १९७३ च्या घटनेने तिचे स्थान काढले. त्याच वर्षी, जुने सरकारी दस्तऐवज अजून स्पॅनिशमध्येच आहेत म्हणून, एका हुकमाने ते तात्पुरते परत दिले. भाषेला अधिकृत ठेवायचे ते लोकांसाठी नव्हे, दप्तरासाठी! १९८७ च्या घटनेने तेही संपले. अरबीप्रमाणे स्पॅनिशही ऐच्छिक म्हणून जोपासावी, एवढेच त्या घटनेत उरले. आणि तरीही तागालोगमध्ये टेबलाला 'मेसा', खिडकीला 'बिंताना', चमच्याला 'कुत्सारा' म्हणतात. सांबोआंगा येथे तर चाबाकानो ही स्पॅनिशमधून उपजलेली लोकबोली आजही नांदते आहे. तिला स्पेनच्या कोणत्याही राजाने मान्यता दिली नव्हती.

दोन बेटे आणि एक मायदेश

फिलिपाईन्सबरोबरच, १८९८ मध्येच, प्वेर्तो रिको हे बेटही अमेरिकेच्या हाती गेले. तेथेही शाळांतून इंग्रजी लादण्याचे प्रयत्न झाले. पण तेथे स्पॅनिश ही मातांची भाषा होती. १९४९ मध्ये शिक्षणाचे माध्यम पुन्हा स्पॅनिश झाले. १९०२ पासून दोन्ही भाषा अधिकृत होत्या. १९९१ मध्ये एका सरकारने केवळ स्पॅनिश अधिकृत केली आणि १९९३ मध्ये दुसऱ्या सरकारने इंग्रजीला परत आणले. या उलथापालथीत घरातली भाषा तसूभरही हलली नाही. खुद्द अमेरिकेत १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा घोषित झाली. तेथे घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनीची राजधानी मालाबो कित्येक दशके बियोको बेटावर होती. तो देश १२ ऑक्टोबर १९६८ रोजी स्वतंत्र झाला. तेथे स्पॅनिशच्या जोडीला १९९८ मध्ये फ्रेंच आणि पुढे पोर्तुगीजही अधिकृत झाली; घराघरांत मात्र फांग आणि बुबी याच भाषा बोलल्या जातात.

मायदेश स्पेनचे काय? कॅस्टिलियनला अधिकृत भाषा म्हणणारी तेथील पहिली घटना १९३१ ची. म्हणजे जगभर राज्य केले तेव्हा तसे लिहिण्याची गरज भासली नाही. साम्राज्य गेल्यावर लिहावे लागले. फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान, बास्क व गॅलिशियन या भाषांची गळचेपी झाली. १९७५ मध्ये तो वारला आणि १९७८ च्या घटनेने कॅस्टिलियनबरोबर या भाषांनाही आपापल्या प्रांतांत अधिकृत स्थान दिले. चार दशके त्या स्वयंपाकघरात आणि देवघरात जपल्या गेल्या होत्या, म्हणूनच त्यांना स्थान देता आले.

तीन दारे

या इतिहासातून आम्हांस तीन दारे दिसतात : कचेरीचे, शाळेचे आणि घराचे. पहिल्या दोहोंच्या किल्ल्या राज्याकडे असतात आणि त्यांचे मोल कमी लेखू नये. कचेरीचे दार बंद झाले की माणूस न्यायाला मुकतो. शाळेचे दार बंद झाले की मुलाच्या मनात आपल्या बोलीविषयी लाज शिरते. तिसऱ्या दाराची किल्ली मात्र कोणत्याही राजाकडे नसते. फिलिपाकडे नव्हती, चार्ल्सकडे नव्हती. ती घरातल्या माणसांकडेच असते, आणि दार आतूनच लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण सर्वांनी मानला आणि तो मानावाच. परंतु मेक्सिको, पॅराग्वे आणि मनिला यांची साक्ष ऐकल्यावर एवढे तरी कळते, की दर्जा दप्तरात नोंदला जातो आणि भाषा जेवणाच्या पाटावर जगते. मुलांनी इंग्रजी शिकावी. रिसाल स्पॅनिश शिकले नसते, तर त्यांचे गाऱ्हाणे जगाने ऐकले नसते. परंतु संध्याकाळची रोझरी ज्या शब्दांत आजी म्हणते, ते शब्द नातवाला परके होऊ नयेत. तो करार कोणतेही शासन आपल्यासाठी करणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात, रोज संध्याकाळी करावा लागतो.